तासाभरात निघू

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे चष्मेवाला म्हणत. सुट्टीच्या दिवशी मात्र तो हटकून गाडीखाली सापडायचा. गाडी जुनी, पण तिला त्याने कधी गॅरेजचं तोंड दाखवलं नव्हतं. ब्रेक, क्लच, वायरिंग, सगळं घरासमोर, स्वतःच्या हाताने. शेजारी चिडवायचे, "चालवता कमी आणि खोलता जास्त!" बायको म्हणायची, "आमच्या घरात एवढी ऑपरेशनं दुसऱ्या कुणाची झाली नाहीत." तो वरवर हसायचा आणि मनातून सुखावायचा.

त्या सकाळी त्याने वॉटर पंप काढला होता. पंपातून पाणी ठिबकत होतं आणि इंजिन तापत होतं. नवा पंप बसवायचा, एवढंच काम. पंप हातात आला आणि घरात फोन वाजला.

फोन बायकोच्या भाऊजींचा होता. तिची मोठी बहीण, ताई, महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेली. "आज काही बरं दिसत नाही," भाऊजी म्हणाले. "सारखं तुझं नाव घेतेय. निघ लगेच."

बायको साडी बदलून, पिशवी भरून बाहेर आली. "अहो, टॅक्सी बोलवा."

"टॅक्सी कशाला? घरात गाडी असताना?" त्याने हात पुसले. "तासाभरात निघू. पंप लावायचा, पाणी भरायचं, की झालं."

"नक्की ना?"

"अगं, हे काम मी डोळे मिटून करतो."

ती पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

काम सरळ चाललं होतं. शेवटचा बोल्ट आवळताना त्याने पान्यावर जरा जास्तच जोर दिला. बारीकसा कट् आवाज झाला आणि बोल्टचं डोकं हातात आलं. बाकीचा बोल्ट आत, इंजिनात अडकलेला. चेहऱ्यावर त्याने काही दिसू दिलं नाही.

"काय झालं?"

"काही नाही. थोडा वेळ लागेल."

पंप पुन्हा उतरवून तो ड्रिल घेऊन बसला. गंजलेला तुकडा केसाकेसाने बाहेर येत होता. मध्येच ती उठली. "मी बसने जाते. तुम्ही मागाहून या."

"बस मध्ये बदलावी लागते. तू पोचायच्या आत आपण गाडीने पोचू."

त्याचा सूर चढला होता. ती पुन्हा बसली.

तुकडा निघाला, पंप लागला, पाणी भरलं. खालून पुन्हा थेंब पडायला लागले. पंप आणि इंजिनाच्या सांध्यात बसणाऱ्या जुन्या गॅस्केटचा पापुद्रा घाईघाईत त्याने नीट खरवडलाच नव्हता. पुन्हा सगळं खोललं. ऊन पायरीवरून सरकून भिंतीवर गेलं. त्याला आता मान वर करून तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. तरी टॅक्सी बोलवतो, हे शब्द काही ओठांवर येईनात. आता तर झालंच, असं तो स्वतःला बजावत राहिला.

उतरत्या दुपारी गाडी निघाली. इंजिन कसं गुणी बाळासारखं चालत होतं. अर्ध्या वाटेवर त्याच्याच्याने राहवेना. "बघ, काटा कसा जागच्या जागी आहे. जराही तापली नाही."

तिने काट्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

दारात भाऊजी उभे होते. "आत्ता डोळा लागलाय," ते म्हणाले. "दुपारपर्यंत चांगली शुद्धीवर होती. रस्त्यावर गाडी वाजली की मान वळवायची."

ताईचे डोळे मग उघडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ती गेली.

बायकोने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. ती भांडेल, टाकून बोलेल, म्हणून तो वाट बघत राहिला. तिच्यापुढे तो कानकोंडा होऊन वावरायचा. बोल्टचं त्याला फारसं काही नव्हतं, बोल्ट तुटतातच. गाडीत काट्याबद्दल केलेलं ते बोलणं मात्र त्याला छळायचं. घास तोंडात असताना ते आठवायचं आणि घास तिथेच फिरायचा.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तो शेजारी येऊन बसला. "त्या दिवशी मी टॅक्सी बोलवायला हवी होती."

"हो," ती म्हणाली. घडी पुरी केली आणि पुढे म्हणाली, "आणि मी उठून जायला हवं होतं. बसस्टॉप काही लांब नव्हता. तुमच्या होकाराची वाट कशाला बघत बसले? मला तेच जास्त लागतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिच्या वाटणीचंही ओझं आपलंच आहे, हे तिला सांगावंसं वाटलं. पण ते नुसतं सांगून तिच्या खांद्यावरून उतरणारं नव्हतं.

"ताई काय बोलली असती गं?" त्याने हळूच विचारलं.

"काय ठाऊक. कदाचित नुसती हसली असती. लहानपणी मी विहिरीत उतरायला घाबरायचे, तर ती पाण्यात उभी राहून नुसती हसायची. मग मी आपोआप उडी मारायचे."

"तुला पोहता येतं?"

"ताईने शिकवलं."

इतक्या वर्षांत त्याला हे माहीत नव्हतं. त्याने एक टॉवेल उचलला, त्याची वेडीवाकडी घडी केली आणि म्हणाला, "सांग ना अजून."

ती सांगत राहिली. मधूनमधून तिचा आवाज भरून यायचा, तेव्हा ती थांबायची आणि तो पुढचा कपडा घडीला घ्यायचा.