झूम नावाची सवत

मी पन्नास एमएमची लेन्स बोलतेय. साधी, बुटकी, लांब-आखूड न होणारी. झूम म्हणून दुसरी एक आहे, तिचं नाव माझ्यापुढं जरा जपूनच काढा.

शेवगावात पीरमहंमदभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला म्हणून भाई केवढ्या कौतुकानं सांगत, पण बदलायला दुसरी होती कुठं? माझा संसार सुखाचा चालला होता. ब्याण्णव साली त्यांनी नगरहून झूम आणली. लांबलचक, नखरेल. जागचं न हलता लांबचं माणूस जवळ आणते म्हणे. मी बॅगेच्या तळाला गेले. सवत घरात आल्यावर पहिलीचं दुसरं काय होणार!

निकाहात बायकांच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, त्यामुळं तिथले फोटो कायम राहून जात. म्हणून भाईंनी थोरल्या लेकीला, रुमानाला शिकवायला घेतलं. ॲपर्चर म्हणजे खिडकी, उजेड कमी असला की ती मोठी उघडायची, असं ते समजावत. सगळं शिक्षण झूमवरच. पोरगी लाजाळू, दारात उभी राहून झूम फिरवायची, कुणाजवळ जायला नको. मी आतल्या आत जळत होते. झूमच्या काचेला बुरशी लागो, असं रोज म्हणायचे.

पहिलं लग्न आलं. भाईंनी बजावलं, "हे फोटो बिघडले तर परत कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई."

नवरीला आजीसोबत फोटो हवा होता. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. फ्लॅश तिला सोसेना. खोलीत एकच बल्ब. झूममधून पाहिलं तर उजेड मोजणारा काटा वर सरकेना, कारण तिची खिडकीच मुळात लहान, माझी मोठी. मला झालेला आनंद सांगता सोय नाही. रुमानानं तिला काढलं आणि मला लावलं.

पण माझ्याकडून काम घ्यायचं तर पाय हलवावे लागतात. रुमाना बायकांतून वाट काढत आजीच्या पुढ्यात जाऊन बसली. आजी नवरीच्या कानात काहीतरी पुटपुटली, दोघी हसल्या आणि रुमानानं बटण दाबलं.

तो फोटो भाईंनी मोठा करून शोकेसमध्ये लावला. येईल त्याला सांगू लागले, नव्या झूमची कमाल आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक दिवस लग्नाचे फोटो ठरवायला बेलापूरचं गिऱ्हाईक आलं, तेव्हाही तेच. रुमाना पुढं झाली. आता माझं नाव घेणार म्हणून मी कान टवकारले.

"लेन्सचं राहू द्या, अब्बा," ती म्हणाली. "फोटो म्या काढलाय."

भाईंनी शोकेसकडं एकदा पाहिलं. मग गिऱ्हाईकाला म्हणाले, "तुमच्या लग्नात बायकांकडं माझी लेक येईल."

आता आम्ही दोघी रुमानाच्या बॅगेत शेजारी असतो. झूमवर माझा राग आहेच, पण खरी जळते ती त्या पोरीवर. माझं नाव घेतलं असतं तर तिचं काय गेलं असतं? कधी शेवगावला आलात, तो फोटो पाहिलात, तर तुम्ही तरी माझं नाव घ्या. फार मोठ्यानं नको. झूमला ऐकू गेलं म्हणजे पुरे.