उत्तमसिंगच्या नावावरच्या गोळ्या

“उत्तमसिंगकाका औषध घेत होते ना?” तमन्नाने विचारले, आणि रुपीबाईने पुढे केलेली कपबशी तशीच मागे घेतली.

“कोनं सांगतलं तुले? माह्या मालकानं औषध घेतलं नवतं. फवारताना चढलं त्याले.”

“तसं नाही मावशी. औषध म्हणजे गोळ्या. दवाखान्यातल्या गोळ्या.”

चूक तमन्नाचीच होती. दिग्रसच्या जिनिंगमधले मेकॅनिक जफरभाई यांची ही मुलगी. या भागात ‘औषध घेतलं’ म्हटले की लोक विष पिले असेच समजतात, हे तिला कोणी शिकवायला नको होते. पण चार वर्षे नागपुरात कॉम्प्युटरपुढे काढली की माणूस पुस्तकातले बोलायला लागतो. रुपीबाईने कपबशी दिली खरी, पण तिच्यावरची नजर काही काढली नाही.

मागच्या हंगामात कपाशी फवारताना उत्तमसिंगला विषबाधा झाली होती. सतरा दिवस तो यवतमाळला दवाखान्यात पडून होता. तेव्हापासून दारात कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एकच ऐकायचे असायचे, की त्याने मुद्दाम पिले. अशा तिघांना रुपीबाईने उंबऱ्यावरूनच वाटेला लावले होते. ही चौथी. आणि आली तीही नेमकी आज, घरात पाहुणा बसलेला असताना.

पाहुणा म्हणजे होणारा व्याही. लेक रंजिताची सोयरीक त्याच्या मुलाशी ठरली होती आणि तो तारीख काढायला पलीकडच्या तांड्यावरून आला होता. खाटेवर बसून चहा बशीत ओतता ओतता तो छतापासून चुलीपर्यंत सगळे घर न्याहाळत होता. मुलगी द्यायची असली की अशा माणसापुढे भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा सरळ आहे ना, ते पाहावे लागते.

“काका, जरा बाहेर बोलायचं का?” तमन्नाने विचारले.

“अठीच बोल बाई. आमच्यात कायची लपवाछपवी?” उत्तमसिंग ऐटीत म्हणाला.



तमन्नाने मांडीवरचा लॅपटॉप उघडला. नवे औषध शोधायला दहा-बारा वर्षे जातात, ती सांगू लागली. म्हणून दुकानात आधीच मिळणाऱ्या जुन्या गोळ्यांपैकी एखादी या फवाऱ्याच्या विषावर चालते का, ते ती नागपुरात काम करत होती तिथले डॉक्टर कॉम्प्युटरवर शोधत होते. हजारो गोळ्यांमधून कॉम्प्युटरने एक काढून दिली. मग त्यांनी मागच्या हंगामातले चारशे केसपेपर भरून पाहिले, की ही गोळी आधीपासून घेणारा कोणी त्यात होता का.

“पाच जण निघाले. पाचही वाचले. त्यातले तुम्ही सगळ्यात गंभीर होते, काका. ही गोळी न घेणारं कोणी तेवढ्यातून उठलं नाही.” तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. “हीच ना?”

“हेच. रोज एक,” उत्तमसिंग म्हणाला. “डोकं दुखते माहं.”

उत्तमसिंगचे डोके उभ्या जन्मात दुखले नव्हते. गोळ्या रुपीबाईच्या होत्या. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती शेतात झटका येऊन पडली, तोंडाला फेस आला. बांधावर उत्तमसिंगशिवाय कोणी नव्हते हे तिचे नशीब. मिरगीची बाई म्हटले की लोक तिच्या हातचे पाणी घेताना विचार करतात, तिच्या लेकीला तर कोणी विचारतच नाही. त्याने दवाखान्यात स्वतःच्या नावाचे कार्ड काढले, डॉक्टरांना स्वतःलाच झटके येतात म्हणून सांगितले, आणि बावीस वर्षे महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणून तिच्या हातावर ठेवल्या. झटके थांबले. मुलांनाही वाटे, बाबांचे डोके दुखते. या उपकाराचा त्याने कधी चकार शब्द काढला नाही, आणि म्हणूनच तो तिला फार जड व्हायचा.

विष चढून तो बेशुद्ध होता तेव्हा त्याच्या खिशातले ते कार्ड मुलाने, संजयने, डॉक्टरांना दिले. त्यांनी ते केसपेपरवर उतरवून घेतले. रुपीबाई शेजारी उभी होती. बोलली नव्हती.

“आता तुमच्यावरून मोठ्या डॉक्टरांकडं परवानगी मागायची,” तमन्ना म्हणत होती. “या हंगामात जे पेशंट येतील त्यांना देऊन पाहायची.”

या पोरीवर, तिच्या मशीनवर आपण इतका वेळ संशय घेत होतो, आणि मशीनच्या पोटात खोटे घातले ते आपल्याच घराने. रुपीबाईला लाज वाटली. पण खाटेवर पाहुणा बसला होता, आणि आत रंजिता दाराआड उभी होती.

संजय फवारणीचा पंप पाठीला अडकवून दारात थांबला होता. तो आत आला आणि कोनाड्यातला डबा काढला.

“मंग म्याबी खातो दोन. तोंडाले फडकं बांधलं का जीव गुदमरते. आता फडक्याचं कामच नाई.”

“अहो नाही, अजून काहीच पक्कं नाही,” तमन्ना घाईने उठली.

“बाबा वाचले ना?”

गोळ्या त्याच्या तळहातावर आल्या होत्या. रुपीबाईने त्याचे मनगट धरले.

“बाबानं एकबी गोळी खाल्ली नाई कधी. माह्या हाय त्या. मले झटके येत होते. तू फडकं बांध.”

उत्तमसिंगने मान खाली घातली. संजयने गोळ्या परत डब्यात टाकल्या. आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. रुपीबाईने पाहुण्याकडे पाहायचे टाळले. झाले ते झाले, आता तो उठेल, चपला घालेल, आणि संध्याकाळपर्यंत चार तांड्यांना कळेल.

तमन्नाने लॅपटॉपच्या पडद्यावर उत्तमसिंगची ओळ शोधली. “मग काकांचं नाव काढावं लागेल,” ती म्हणाली.

“किती राह्यले?” पाहुण्याने पहिल्यांदाच तोंड उघडले.

“चार.”

“त्याच्यात लालसिंग म्हनून कोनी हाय का?”

“नावं सांगता येत नाहीत, काका.”

“माहंच नाव होय थे. म्याबी आठ दिवस तठीच होतो.” लालसिंगने बशी खाली ठेवली. “असंन तर थेबी खोड. गोळ्या माह्या नावावर हाय, पन म्या नाई खाल्ल्या.”

रुपीबाईने आता मात्र वर पाहिले.

“मंग तुमच्या घरच्या गोळ्या कोन खाते?”

लालसिंगने दाराआडच्या रंजिताकडे एकदा पाहिले, आणि आवाज खाली आणला.

“तुमच्या होनाऱ्या जावयाची माय.”