पुसलेला डाग

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. गाडीतला एसी गार वारा देतो ना, तो माझ्या जिवावर. राहतो मात्र इंजिनाच्या कुशीत, भट्टीच्या शेजारी. नशीब बघा, मित्रांनो!

कारखान्यातून आलो तेव्हा मी असा चकचकीत होतो की माझ्यात तोंड बघावं. बटण दाबलं की मी टक्क करून उठायचो आणि गॅस दाबून पुढं ढकलायचो. आत बसलेले म्हणायचे, "वा, काय गारवा!" माझं नाव कुणी घेत नव्हतं, पण मला ते पुरायचं.

माझा मालक कापडाच्या दुकानात कामाला. गाडीवर जीव. दर सुट्टीला बॉनेट उघडून फडक्यानं सगळं लख्ख करायचा. मागच्या सीटवर बसायची त्याची सासू. तिला दम्याचा त्रास. शहराच्या पलीकडच्या टोकाला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली, तिला भेटायला जायची. रस्ता सगळा धुळीचा, त्यामुळं काचा बंद आणि मी चालू.

मग दर उन्हाळ्यात मी बंद पडायला लागलो. दर वेळी कुणीतरी गॅस भरून द्यायचं, चार महिने बरे जायचे, पुन्हा तेच. आणि यंदा तर मी उठेचना. आत एक स्विच असतो, गॅस फार कमी झाला की तो मला सुरूच होऊ देत नाही. मी मरू नये म्हणून. पण हे सांगणार कोण? काचा उघडून निघाले, तर अर्ध्या वाटेत म्हातारीला धाप लागली. तिथूनच मागं फिरले. त्यानंतर ती म्हणेना, "मला न्या." नुसती फोनवर बहिणीला सांगायची, "येते गं, येते."

पहिल्या गॅरेजवाल्यानं वाकूनसुद्धा बघितलं नाही. "कॉम्प्रेसर गेला. काढून भंगारात टाका." खरं सांगतो, माझं तेल गोठलं.

सासू म्हणाली, "दुसऱ्याला दाखवा की जावईबापू. माझा गुडघापण एका डॉक्टरनं कापायला काढला होता. त्याच्यावरच उभी आहे मी."

दुसरी होती एक मेकॅनिक बाई, सगळे तिला ताई म्हणायचे. तिनं दाब मोजला, काटा तळाला. मग टॉर्च घेऊन माझ्या नळ्या बघितल्या. खूप वेळ बघितल्या.

"इंजिन फार स्वच्छ आहे हो तुमचं," ताई म्हणाली.

मालक फुगला. "मी स्वतः पुसतो!"

"मग या सांध्यावर कधी तेलकट डाग दिसायचा का?"

"दर वेळी! पण गॅरेजला यायच्या आधी मी सगळं पुसून येतो ना. लोकांना घाण कशाला दाखवायची?"

ताईनं कपाळाला हात लावला. "दादा, गॅस जिथनं निसटतो तिथनं तेलपण निसटतं. तो डागच तर पत्ता सांगतो. आणि तुम्ही पत्ताच पुसून आणलात."

मागून सासू म्हणाली, "म्हणजे वैद्याकडं जाताना आजार घरी ठेवून येतात, तसं."

ताईनं नळ्यांत थोडा गॅस भरून सांध्यावर साबणाचा फेस लावला. बुडबुडे आले. आत एवढीशी रबराची रिंग, वाळून चिरलेली. ती बदलली, आतली हवा खेचून काढली, मला तेल दिलं, गॅस भरला.

टक्क!

मित्रांनो, उठलो मी.

तुम्ही वस्तू पुसता, चमकवता, माया करता. करा. पण पुसायच्या आधी एकदा नीट बघा. डाग, खरखर, थेंब, हीच आमची बोली. गप्प झालेली माणसंसुद्धा अशीच काहीतरी सांगत असतात.

त्याच दुपारी गाडी बहिणीकडं निघाली. काचा बंद, मी चालू, आणि म्हातारीचं तोंडही चालू. बहिणीला काय काय सांगायचं त्याची घोकंपट्टी.

शेवटी मालक म्हणाला, "आई, जरा श्वास तरी घ्या!"

"घेतेय ना," म्हातारी म्हणाली. "कधीची पोटभर घेतेय."