ट्रम्पेटमधला खोकला

गुरुवारी औद्योगिक पट्ट्यातल्या मशिनी बंद असतात, आणि म्हणून चिखलीतल्या त्या पत्र्याच्या शेडबाहेर गुरुवारीच चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत यायचा. आत उदबत्त्यांचा धूर, पंख्यांची घरघर आणि मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. व्यासपीठाच्या वर नायलॉनच्या दोऱ्यांनी एक पितळी ट्रम्पेट टांगलेला. त्याला कोणाचा हात लागत नव्हता, कोणाचे ओठ लागत नव्हते. तरी तो वाजत होता.

"फुंकणारा दिसतोय का?" नादानंद महाराजांनी माइकमध्ये विचारलं.

"न्हाई!" शेड गरजली.

"अहो, दिसेल कसा? हा अनाहत नाद आहे! परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मशिनी लावून मोजायला बघितलं, मशिनी जळाल्या! याची फ्रिक्वेन्सी कानातून थेट किडनीत जाते, किडनीतून स्वादुपिंडात आणि तिथून गुडघ्यात."

पुढे ती गुडघ्यातच का थांबते, हे कोणी विचारलं नाही.

पहिल्या रांगेत सावित्रीबाईंनी लेकीचा, विजयश्रीचा, हात घट्ट धरला होता. आदल्या गुरुवारी शेजारच्या सरूबाईंबरोबर त्या सहज म्हणून इथे आल्या होत्या आणि ट्रम्पेटचा एक लांब सूर ऐकून भर सभेत ओरडल्या होत्या, "अगं बया, हे आमचे हायेत!" आता त्या लेकीला ऐकवायला घेऊन आल्या होत्या.

तो सूर आला. उंच, स्वच्छ, लांब. विरत विरत संपत आला आणि अगदी शेवटी एक श्वास आणि एक बारीक, घशात अडकलेला खोकला.

विजयश्रीने झटकन वर बघितलं. तो खोकला तिच्या वडिलांचाच होता. ज्योतीरामांचा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

महाराज माइक घेऊन खाली उतरले. समोर मोबाइल वर झाले.

"बोल पोरी. देवाच्या दारात खोटं बोलू नकोस. हा तुझ्या बापाचा श्वास आहे की नाही?"

"आहे," विजयश्री म्हणाली, "पण—"

तिचा 'पण' टाळ्यांत बुडाला. संध्याकाळी जो व्हिडिओ चिखलीपासून रहाटणीपर्यंत फिरला, तो 'आहे'वरच कापलेला होता.

त्या 'पण'च्या पुढे काय होतं, ते इथे सांगायला हवं. विजयश्रीचं काम जरा निराळं आहे. एखाद्या वाद्याचा एकेक सूर ती वेगवेगळा रेकॉर्ड करते, साफ करते आणि कॉम्प्युटरमध्ये अशा रीतीने बसवते, की कोणी कीबोर्डची पट्टी दाबली की त्या वाद्याचा तो सूर उमटावा. तिची गिऱ्हाइकं बहुतेक परदेशातली. युरोपात तीनशे वर्षांपूर्वी राजदरबारात आणि चर्चमध्ये जे संगीत वाजायचं, ज्याला बरोक म्हणतात, ते वाजवणारी ही मंडळी. त्या काळच्या ट्रम्पेटला बटणं नसत. नुसती लांबलचक नळी, सूर काढायचा तो ओठांनी. असं वाद्य इथे मिळणार कुठे? मग शेजारच्या वर्कशॉपमधल्या कादरचाचांनी पितळी पाइप वाकवून ते घडवलं. "गाडीचा सायलेन्सर वाकवतो, ही काय मोठी गोष्ट!" म्हणाले, आणि तीन पाइप फुकट घालवल्यावर चौथा जमला. फुंकायला ज्योतीराम होतेच. जन्मभर फाउंड्रीत, धातू ओतायच्या कारखान्यात, राबलेले आणि लग्नसराईत बँडमध्ये बिगुल वाजवणारे.

रेकॉर्डिंग गुरुवारी व्हायचं, कारण त्या दिवशी वर्कशॉपं गप्प असायची. अण्णा, म्हणजे ज्योतीराम, सूर लावायचे आणि फाउंड्रीच्या धुळीने पोखरलेली छाती मधूनच आवाज करायची. विजयश्रीने नंतर सगळे खोकले पुसून टाकले. एक मात्र पुसवेना. या सुरांचा जो संच ती विकायची, त्यात प्रत्येक सूर अनेकदा फुंकून घेतलेला होता. पट्टी पुन्हा दाबली की दुसरी फुंकर यावी, माणूस वाजवतोय असं वाटावं. शिकणाऱ्यांसाठी तिने एक छोटा फुकट संचही केला, त्यात प्रत्येक सूर एकदाच. तो खोकला त्या फुकट संचात राहू दिला आणि इथल्या कीबोर्डवाल्यांच्या ग्रुपवर तिनेच तो टाकला.

महाराजांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त आपोआप वाजणारं काहीतरी हवं होतं. मेलेला माणूस सावित्रीबाईंनी आयता आणून दिला.

पुढच्याच दिवशी सावित्रीबाईंनी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं बंद केलं.

"महाराज म्हणले, ह्यांचा नाद आत गेला की रक्त साखर सोडतं. सुईनं नाद फुटतो."

"आई, मशीन आहे ते! माझं मशीन! थांब, दाखवते." विजयश्रीने लॅपटॉप उघडला, कीबोर्ड जोडला आणि पट्टी दाबली. सूर आला, विरला, अण्णा खोकले.

सावित्रीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवला. "हितंबी आले! येणारच की. लेकीच्या घरी का न्हाई येणार?"

विजयश्रीचं बोट पुन्हा त्याच पट्टीवर गेलं आणि तिथेच थांबलं. आईच्या त्या चेहऱ्यासमोर तिला ती दुसऱ्यांदा दाबवेना.

डॉ. सादिकांनी रक्त तपासलं आणि खुर्ची पुढे ओढली. "हे असंच आठ-दहा दिवस चाललं तर मला यांना अॅडमिट करावं लागेल, आणि मग माझ्याही हातात फार राहणार नाही. काय वाटेल ते कर, पण इन्सुलिन सुरू कर."

वाटेल ते म्हणजे काय? जिन्यात भेटेल तो तिचंच वाक्य तिला ऐकवत होता. "ताई, तुम्ही स्वतः बोलल्या ना, आहे म्हणून? आमच्या नानांनी बीपीची गोळी सोडली बघा तेव्हापासून." सरूबाई तर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता शब्द फिरवू नको हं पोरी. बापाला खोटं पाडशील." खरं बोलल्याचा असा सापळा होतो हे तिला कधी कोणी शिकवलं नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर खोटी ठरली असती. आहे म्हणाली तर नाना गोळी सोडत होते. रात्रंदिवस तेच दोन अक्षरी दार तिच्यासमोर होतं, आणि दोन्ही बाजूंनी बंद.

कादरचाचा वर्कशॉपच्या दारात बिडी विझवत म्हणाले, "बेटा, तू घरात ओरडून काय उपयोग? जिथे माइक दिला तिथेच बोल."

"चाचा, मला चार माणसांत नीट बोलता येत नाही. पुन्हा टाळ्या वाजतील आणि मी गप्प होईन."

"मग असं बोल, की टाळ्या वाजवायला जागाच सापडू नये."

गुरुवारी सावित्रीबाई रिक्षातून उतरताना एकदा तोल जाऊन दाराला टेकल्या. ओठ सुकलेले, हातात पाण्याची बाटली. महाराजांनी मायलेकींना थेट व्यासपीठावर बसवलं. आज कॅमेराही चांगला मागवला होता. माइक त्यांनी स्वतः विजयश्रीच्या हातात दिला.

"सांग माऊली जगाला. पुन्हा एकदा सांग."

सूर आला, विरला, खोकला आला. पुढच्या रांगांनी हात जोडले.

"मागच्यांना ऐकू आलं नसेल, महाराज," विजयश्री म्हणाली. आवाज कापत होता, पण येत होता. "अण्णांना म्हणावं, तोच सूर पुन्हा लावा."

महाराज खुलले. हात उंचावून म्हणाले, "हे नादमूर्ती, पुन्हा!"

सूर. श्वास. खोकला.

"बायकांच्या बाजूला नीट आलं नाही. पुन्हा."

"हे नादमूर्ती..."

सूर. श्वास. खोकला. तोच, तेवढाच, त्याच जागी.

"पुन्हा."

चौथ्या वेळी मागे कोणीतरी खुदकन हसलं. पाचव्या वेळी, खोकल्याची जागा आता माहीत झाल्यामुळे, पोरांच्या घोळक्याने ट्रम्पेटच्या आधीच खोकून दाखवलं. शेडमध्ये हसू पसरलं. महाराजांचा हात अर्ध्यातच खाली आला.

"आत्मा परीक्षा देत नसतो!" ते कडाडले आणि माइक बंद झाला.

विजयश्री उठून उभी राहिली. माइकशिवाय आवाज किती लागतो याचा तिला अंदाज नव्हता. तो गरजेपेक्षा मोठा निघाला.

"हा खोकला अण्णांचाच आहे! मीच रेकॉर्ड केलाय, कादरचाचांच्या वर्कशॉपमध्ये, अण्णा जिवंत असताना! यात प्रत्येक सूर एकदाच भरलाय. पट्टी दाबा, तोच वाजतो. हजार वेळा दाबा, तोच खोकला!"

दोन सेवेकरी तिच्याकडे धावले. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेले कादरचाचा व्यासपीठावर चढले, टांगलेला ट्रम्पेट खाली ओढला आणि त्याच्या तोंडात हात घातला. आतून लिंबाएवढा काळा स्पीकर निघाला. व्यासपीठामागच्या पडद्याआड जो पोरगा पट्टी दाबत होता, त्याच्या बोटाला थांबायचं सुचलं नव्हतं. कादरचाचांच्या तळहातावर ज्योतीराम आणखी एकदा खोकले.

पडदा सरकवला तेव्हा मागे कीबोर्डसमोर प्रीतम बसला होता, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. पांढराफटक पडून म्हणाला, "ताई, आईशपथ, ग्रुपवर फुकट होता म्हणून घेतला. तुमच्या वडिलांचा आहे हे नव्हतं माहीत."

गलका झाला. कोणी महाराजांना शिव्या घातल्या, कोणी विजयश्रीला. सरूबाई रडू लागल्या. या सगळ्यात सावित्रीबाई मात्र उठून हळूहळू कीबोर्डपाशी गेल्या होत्या.

"कंची पट्टी?" त्यांनी प्रीतमला विचारलं.

त्याने दाखवली. त्यांनी दाबली, शेवटपर्यंत धरून ठेवली. स्पीकर खोकला. त्यांनी पुन्हा दाबली. हातातली पाण्याची बाटली त्यांनी नकळत पुढे केली होती. पुन्हा दाबली. मग बोट उचललं.

"ह्यांचा खोकला असा एकटा कधी यायचाच न्हाई," त्या म्हणाल्या. बोलत होत्या प्रीतमशी, पण शेड गप्प झाली. "एक आला की दुसरा त्याच्याहून मोठा, तिसरा त्याच्याहून. मी पाणी द्यायचे, मग बसायचा. हा बसत न्हाई आन् वाढतबी न्हाई." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "खोकला त्यांचाच हाय. ते न्हाईत."

विजयश्रीने आईला धरलं. त्या लेकीच्या खांद्यावर मोकळेपणी रडल्या. नवरा गेला तेव्हा बायकांनी रडवलं होतं, तेव्हाही अशा रडल्या नव्हत्या. त्याच दुपारी डॉ. सादिकांनी इंजेक्शन दिलं.

महाराज आठवडाभरात शेड रिकामी करून गेले. कुठे गेले, कोणाला ठाऊक नाही. अशांना दुसरी शेड मिळते.

आणि विजयश्री सुटली का? कादरचाचांच्या हातात स्पीकर खोकला, त्याचाही व्हिडिओ निघाला होता, पण तो फार पुढे गेला नाही; लोकांना तो पाठवावासा वाटला नाही. 'आहे'वर कापलेला मात्र अजून फिरतो. त्याखाली कोणीतरी तिचा नंबर घातला आहे. आठवड्यातून दोनदा तरी फोन येतो. तिने नंबर बदलायचं मनात आणलं, पण बदलला नाही. फोन करणाऱ्याला खरं सांगायला मग कोण उरणार?

परवाही आला. लांबून कुठून तरी, कुलदीप नावाचा माणूस.

"ताई, तुम्हीच ना त्या, ज्यांच्या वडिलांचा आत्मा वाजवतो? माझ्या भावाला फिट येतात. कुठं आणू त्याला?"

"तो आवाज माझ्या वडिलांचा आहे," विजयश्री म्हणाली. "पण—"

पलीकडे टाळ्या नव्हत्या. ती पुढे बोलू शकली.

"पण तो मशीनमधून येतो. मीच भरलाय, आणि त्याने कोणाचाही आजार बरा होत नाही. आधी सांगा दादा, भावाची गोळी चालू आहे ना?"

पलीकडून अवघडलेला आवाज, "न्हाई... काल बंद केली. व्हिडिओ बघून."

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा आणि ते सांगतील तशी लगेच सुरू करा. आणि एक करा. कोणी चमत्कार दाखवला तर लगेच हात जोडू नका. त्याला म्हणा, पुन्हा दाखव. जवळून दाखव. मला हात लावू दे. जे खरं असतं त्याला पुन्हा विचारलेलं चालतं. खोट्यालाच राग येतो."

"पुन्हा सांगा ताई," तो म्हणाला, "भावाला स्पीकरवर ऐकवतो."

तिने पुन्हा सांगितलं.