डावीकडून आलेला ठोका

आमशाच्या डोक्यात एक किडा होता आणि तो त्याच्या लग्नाच्याही आधीपासून वळवळत होता. आपला ढोल लांबून कसा ऐकू येतो? हसू नका. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत ज्याने उभं आयुष्य ढोल गळ्यात अडकवून काढलं, त्याने तो लांबून ऐकायचा कधी? वाजवणारा ढोलाच्या मागेच असणार. लांब जाऊन ऐकावं म्हटलं तर वाजवायला कोण राहिलं? त्याची बायको रमिलाबाई दरवर्षी सांगायची, तुझा ढोल समोरच्या उतारावर असा येतो की भाकर थापता थापता हात थांबतो. असा म्हणजे कसा, आमशा विचारायचा. असा म्हणजे असा, ती म्हणायची. झालं! एवढ्यावर माणसाचं समाधान व्हावं तरी कसं?

यंदा मात्र हा नुसता किडा राहिला नव्हता. आमशाचा उजवा खांदा आतून फाटला होता. त्याची मुलगी गायत्री म्हसावदच्या सरकारी दवाखान्यात नर्स. तिने आईबापाला डोंगरातून खाली आपल्या क्वार्टरवर आणलं आणि खांदा मोठ्या डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर म्हणाले, या होळीला ढोल उचलला तर हा हात पुन्हा डोक्यापर्यंत जाणार नाही. आमशाने ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाला, खांदा दुखतो हे खरं, पण हात चुकत नाही. हात चुकत नाही तोवर ढोल आपलाच.

बापलेकीचं वाजलं, चांगलं वाजलं. शेवटी आमशानेच तोड काढली. मागच्या होळीला गायत्रीने मोबाइलवर ढोल भरून घेतला होता. दोन ढोल समोरासमोर वाजत होते, एक आमशाचा आणि एक त्याचा पुतण्या रेंग्या याचा. रेंग्याचा बाप लवकर गेला, आमशानेच त्याला मांडीवर बसवून ढोल शिकवला. त्या दोघांच्या मधोमध खांबाला मोबाइल बांधून गायत्रीने सगळं घेतलं होतं. आमशा म्हणाला, "ते मला नीट ऐकव. माझा हात एकदा जरी चुकला असेल, तर ढोल खाली ठेवतो. नसेल चुकला, तर डॉक्टरने मधे पडायचं नाही."

गायत्रीला वाटलं, हे तर सोपं आहे. तिने मोबाइल लावला. बिस्किटाच्या डब्यावर पोराने चमचा वाजवावा तसा आवाज आला. आमशाला तो स्वतःचा अपमानच वाटला. हा माझा ढोल नाही, म्हणाला, आणि अर्धा दिवस मुलीशी बोलला नाही.

आता नशीब बघा. गायत्रीच्या सोबतची नर्स प्रिस्किला, मूळची नवापूरकडची, तिची बदली झाली. जाताना ती दोन लाकडी स्पीकर गायत्रीकडे टाकून गेली. तिच्या वडिलांनी हौसेने घेतलेले, घरात बसून गाणं ऐकायचे, मंडपात नाचायचे नव्हेत. त्यांचा ॲम्प्लिफायर कधीच जळून गेला होता. गायत्रीने पेट्या पुसल्या, भिंतीशी मांडल्या आणि लॅबवाल्या शिवाजीकडून त्याचा ॲम्प्लिफायर मागून आणला. हातरुमालात मावेल एवढा डबा आणि खोक्यावर छापलेलं हजार वॅट! छापणाऱ्याच्या बापाचं काय जातं? तो लावला. ढोल आला, पण ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा. ठोका पडायचा आणि तिथेच लोळत राहायचा, तेवढ्यात पुढचा त्याच्या अंगावर.

गायत्री ड्युटीवर गेली. घरात ढोलाचा माणूस आणि समोर वाजत नसलेली वस्तू, मग तो गप्प बसेल? आमशाने एका पेटीचं पुढचं कापड काढलं. आत काळं, गोल, कागदासारखं काहीतरी ताणून बसवलेलं. त्याने अंगठ्याने हळूच दाबून पाहिलं, ते आत गेलं. त्याला रोग सापडला. चामडं ढिलं पडलं की ढोल असाच बोलतो, आणि त्यावर इलाज अख्ख्या सातपुड्यात एकच, निखाऱ्यावर तापवायचं.

संध्याकाळी गायत्री घरी येते तर मागच्या अंगणात रमिलाबाईच्या चुलीसमोर पेटी तोंड करून ठेवलेली, आमशा ती तव्यावरच्या भाकरीच्या मायेने फिरवतोय आणि हवेत रबराचा वास. घरात ही माणसं भिलीत बोलत, तेव्हा गायत्री पहिल्यांदा काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखंही नाही. पेटी तिने उचलून आधी दूर नेली. गोलाभोवतालची रबराची कड मऊ झाली होती, एवढ्यावरच निभावलं.

"ढिलं पडलंय, तापवतोय," आमशा शांतपणे म्हणाला.

रमिलाबाईने चुलीवरून मान वर केली. ती तरी ढोलाच्या घरचीच. मी सांगत होते, म्हणाली, लांबून तापव, पण ऐकतो कोण. गायत्री रागाने लाल झाली होती, ती मटकन पायरीवर बसली आणि हसत सुटली. पण हसता हसता तिच्या मनात आलं, इलाज चुकला तरी बाने लक्षण बरोबर धरलंय. आवाज खरंच ढिला होता. मग ढिलं काय आहे?

गावातला डीजेवाला भरत म्हणाला, ढिलंबिलं काही नाही, ताकद कमी पडते. त्याने आपला ॲम्प्लिफायर स्वतः उचलून आणला. लोखंडी खोका, मागे पंखा, सुरू करताच गिरणीसारखी घरघर. रेकॉर्डिंग लावलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या, शेजारच्यांचं कुत्रं पळालं, मांडणीवरचा पेला खाली आला. आमशाचं तोंड असं खुललं की काय सांगू. छातीवर हात ठेवून ऐकत राहिला. सगळा डोंगर गडगडतोय, त्यात चूक कुठे आणि बिनचूक कुठे!

"ऐकलंस?" तो म्हणाला. "कुठे चुकला हात?"

आमशाने त्याच संध्याकाळी ढोलाच्या पट्ट्याला नवं चामडं लावायचं बोलणं काढलं. गायत्री हरली होती आणि बापाचा खांदा जाणार होता. पण तिच्या मनाला एक गोष्ट टोचत राहिली. मोबाइलच्या उजवीकडे बा होता, डावीकडे रेंग्या. आणि इथे तर दोन्ही पेट्या एकच बोलत होत्या. उजवं-डावं गेलं कुठे? तिने भरतला विचारलं. तो म्हणाला, ताई, मंडपात उजवं-डावं कोण बघतो, आम्ही दोन्ही एकत्र करूनच सोडतो. त्यात उजव्या पेटीच्या वरच्या छोट्या गोलातून गरम वासही यायला लागला. गायत्रीने मशीन बंद केलं, भरतचे आभार मानले आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही पेट्या रिक्षात घालून शहाद्याला रतिलालकडे नेल्या.

रतिलाल जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करून विकतो. माणूस बोलका, पण आधी काही बोलला नाही. त्याने पेट्या पालथ्या केल्या, मागची चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला.

"बहिन, हाई पेटी खास जास्त, बोलस कमी," तो अहिराणीत म्हणाला. "तुन्हा डब्बा तिले पुरत नही."

म्हणजे पेटी खाते जास्त आणि बोलते कमी, मग त्याने समजावून सांगितलं. मागे चार ओहम लिहिलंय, म्हणजे ही पेटी ॲम्प्लिफायरकडून वीज जास्त ओढते. लहान डब्याला तेवढं देता येत नाही, तो धापा टाकतो. मंडपवाल्याचा डबा देतो भरपूर, पण ढकलतो आंधळ्यासारखा, एक दिवस वरचा गोल जाळून ठेवला असता. आणि धक्का देणं हे अर्धंच काम. ठोका संपला की त्या कागदाला धरून थांबवणंही ॲम्प्लिफायरनेच करायचं असतं, नाहीतर तो हलतच राहतो. गायत्रीला एकदम बाचा डावा तळवा आठवला. ठोका मारला की तो तळवा चामड्यावर ठेवून आवाज तोडायचा. म्हणजे ढिलं चामडं नव्हतंच, तळवा ढिला होता. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती कशासाठी आली तेच विसरली.

रतिलालने फळीवरून एक जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर उतरवला. पाटा-वरवंटा उचलावा तसा दोन्ही हातांनी. डावी तार डाव्या पेटीला, उजवी उजवीला. आवाज अगदी बेताचा ठेवला.

आणि दुकानात होळी आली. डावीकडे रेंग्या, उजवीकडे बा, मधे घुंगरांची रांग, मागे कुणीतरी खोकलंसुद्धा. गायत्रीने डोळे मिटले. बाचा ठोका भरदार, कोरडा, जिथल्या तिथे तुटणारा. मग एका वळणावर उजवीकडचा ठोका आलाच नाही. तिथे डावीकडून आला.

तिने रतिलालला मागे घ्यायला सांगितलं. पुन्हा तेच. पुढे ऐकलं तर आणखी एकदा, मग आणखी. जिथे हात वर न्यायचा तो मोठा ठोका, नेमका तिथेच बा रिकामा जात होता आणि रेंग्या आपलं वाजवत असतानाच काकाचंही वाजवत होता. रतिलाल बिचारा आवाजाचं कौतुक करत होता. घेणार ना, असं त्याने विचारलं.

तिला हेच हवं होतं ना? बाचा खांदा वाचवायचा होता, त्याला पुरावा हवा होता आणि पुरावा समोर वाजत होता. पण नर्सचं म्हणणं एक आणि लेकीचं एक. भरतचा डबा ऐकून बाचं तोंड कसं खुललं होतं! तोच मागून आणावा, छोटे गोल जळाले तर जळाले, बा खूश राहील. मग होळीला बा ढोल उचलेल, आणि पुढे आयुष्यभर भाकरीचा तुकडा डाव्या हाताने खाईल. शेवटी ती रतिलालला म्हणाली, बांधून द्या.

घरी आणून तिने तो जोडला आणि मुद्दाम कसलीतरी गाणीच लावली. एक झालं, दुसरं झालं. आमशा खाटेवरून बघत होता. एवढा दगडासारखा डबा ही गाणी ऐकायला आणलास का, त्याने विचारलं. माझा ढोल लाव. मग तिने लावला.

आमशा आधी हसला. मान हलवू लागला. रमिलाबाईकडे वळून म्हणाला, असा होय? ती म्हणाली, असाच. मग ते वळण आलं आणि त्याची मान थांबली. तो उठून उजव्या पेटीजवळ गेला, खाली बसला, कान लावला. पुन्हा लाव, म्हणाला. गायत्रीने पुन्हा लावलं. तो सरकत डाव्या पेटीकडे गेला आणि तिथेच बसून राहिला.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"दुकानात ऐकलं."

"मग आणलास कशाला?"

"तूच म्हणाला होतास ना बा, नीट ऐकव म्हणून." एवढं बोलून गायत्री रडायला लागली.

आमशाने रमिलाबाईकडे पाहिलं. ती खाली बघून म्हणाली, मला कधीपासून ठाऊक आहे, समोरून सगळं ऐकू येतं. तू कधी आलास तिकडे विचारायला? आमशाला राग यायला हवा होता. पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्याने पुन्हा ते वळण लावायला सांगितलं आणि बोट वर करून दोघींना गप्प केलं.

"हे ऐका," तो हळू म्हणाला. "पोरगा लगेच मारत नाही. थांबतो. काका मारतो का बघतो. नाहीच मारला, मग मारतो." त्याने डाव्या पेटीवर तळवा ठेवला. "रात्रभर माझी वाट बघत वाजवलं त्याने."

होळीला आमशाने स्वतःच्या हाताने आपला ढोल रेंग्याच्या गळ्यात अडकवला. चामडं तापवलंही त्यानेच, निखाऱ्यापासून लांब धरून, आणि त्या वेळी गायत्रीकडे त्याने मुळीच पाहिलं नाही. रेंग्या नको नको म्हणत होता, डोळे पुसत होता. आमशाने त्याला एक शिवी दिली आणि रमिलाबाईच्या मागोमाग नाला ओलांडून समोरच्या उतारावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा होळीला तो त्या बाजूला उभा होता.

दिवस मावळता मावळता ढोल सुरू झाला. आमशा तोंड उघडं टाकून ऐकत होता. आवाज नाल्यावरून यायचा, उताराला लागायचा आणि पायातून वर चढायचा. रमिलाबाई भाकर थापत होती, तिचा हात थांबला. तिने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. गायत्री दोघांच्या मागे उभी होती.

मग ते वळण आलं. आता समोर काका नव्हता, कुणाची वाट बघायची नव्हती, ढोलही रेंग्याचाच झाला होता. तरी रेंग्या थांबला. तेवढंच, पापणी लवेपर्यंत.

आमशाने डाव्या हाताने आपल्या मांडीवर ठोका मारला.