एका दिवसाला एक शंका

राई गावच्या देवळामागील सभागृहात आत्मारामपंत सकाळी दहा ते अकरा गावातल्या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग घेत. आयुष्यभर शाळेत संस्कृत आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचा एक नियम होता: प्रत्येकीने दिवसाला एकच शंका विचारावी. उत्तर देऊन झाले की विचारणारीच्या नावानिशी ती शंका ते वहीत टिपून ठेवीत. शब्दाच्या अर्थात काही अधिकउणे होऊ द्यायचे नाही, हे त्यांचे व्रत होते.

दुकानात कामाला जाणारी सुगंधा 'सिन्स' आणि 'फॉर' यांत नेहमी अडखळे. कोणी 'से' आणि 'टेल' यांतला भेद विचारी. मासळी विकणारी लक्ष्मी मात्र वाक्य कधी आणीत नसे. तळहातावर लिहून आणलेला एक सुटा शब्द ती पुढे करी.

"मावशी, रोज एकच नग?" सुगंधा म्हणे. "मासळीसारखा अख्खा वाटा उचला ना. सर भाव कमी करतील."

"तुजा 'सिन्स' आदी खपव," लक्ष्मी म्हणे, आणि वर्ग हसे.

एके दिवशी तिच्या तळहातावर 'प्रिझ्यूम्ड' होता.

"पुरावा हाती नसताना परिस्थितीवरून खरे धरलेले," आत्मारामपंतांनी सांगितले आणि टिपण्यासाठी वही उघडली. पाने उलटताना लक्ष्मीच्या नावापुढील गेल्या काही महिन्यांतले विखुरलेले शब्द त्यांच्या नजरेस पडले. सस्पेंडेड, म्हणजे तूर्त थांबवलेले. ओव्हरबोर्ड, म्हणजे जहाजावरून पाण्यात. सर्च, म्हणजे शोध. व्हेसल, म्हणजे जहाज.

त्यांची लेखणी थांबली. लक्ष्मीचा नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता आणि दीड वर्षापासून बेपत्ता होता, हे सारा गाव जाणत होता. दोन महिन्यांपूर्वी, 'सस्पेंडेड'च्या दिवशी, तिने विचारले होते, "म्हंजे संपलं न्हाय ना?" आणि त्यांनी शब्दाशी प्रामाणिक राहून 'नाही' म्हटले होते.

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवले.

"लक्ष्मीबाई, हे सारे शब्द एकाच कागदातले ना? तो घेऊन या. मी वाचून सांगतो."

"कागद हितंच हाय." तिने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातले पत्र काढले. "पन तुमी वाचू नका. कंपनीच्या मानसानं दिरांना सांगितलं, दिरांनी सासूला, सासूनं मला. परत्येकानं आपला एक शब्द घातला. आता घरचे म्हनतात, अंग गावलं न्हाय, तं त्याच्या जागी अमावास्येला दर्भाचा पुतला करून अग्नी देऊ. मी बोलले, कागद मी वाचीन, मंग द्या. माज्या मानसाची बातमी मला माज्या तोंडानं ऐकायची हाय."

"म्हणून शब्द उलटसुलट आणत होतात?"

"सरल आनले असते तं तुमाला कललं असतं. मंग तुमी सांबालून बोलला असता."

आत्मारामपंतांनी वही मिटली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी 'संपलं नाही' म्हणालो. तो शब्दाचा अर्थ होता. तो शब्द कोणासाठी आहे, हे मी विचारायला हवे होते."

"मला म्हाईत होतं, सर," लक्ष्मी म्हणाली. "तरी पन त्या 'न्हाय'वर दोन महिने बरे गेले."

तिने पत्र बाकावर ठेवले. "चुकलं तं सांगा."

आत्मारामपंत उभे राहिले. अशा वेळी बसून ऐकणे त्यांना अनुचित वाटले. लक्ष्मी एकेका शब्दाखाली बोट ठेवीत वाचू लागली. 'सस्पेंडेड' ती न अडखळता ओलांडून गेली. 'प्रिझ्यूम्ड'पाशी थबकली. त्यापुढचा शब्द तिने वर्गात कधीच विचारला नव्हता. तो विचारण्याची गरज कोणालाही पडत नाही. तिने तो वाचला: 'डेड'.

"चुकलं काय?"

दिलासा द्यावा, असे पंतांच्या मनात आले. पण तिने मागितला होता तो दिलासा नव्हता.

"तिसऱ्या ओळीत काही सुटले."

"काय?"

"त्यांचे नाव."

लक्ष्मीने मान खाली घातली. तिच्या घरात बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसे. बावीस वर्षांत ते तिच्या मुखातून निघाले नव्हते. पत्रातही ती ते आपसूक गाळून पुढे गेली होती.

पुष्कळ वेळाने तिचे बोट तिसऱ्या ओळीवर परत आले.

"जानू महिपत," तिने वाचले, आणि वाक्य शेवटपर्यंत नेले.

"आता बरोबर आहे," आत्मारामपंत म्हणाले.

लक्ष्मीने पत्राची घडी घातली. "दिरांना सांगते," ती म्हणाली, "पुतला करा."