उसनं दूध

"परत लाव गं पट्टी. माझ्या म्हशीला न सुई न गोळी," प्रेमाबाई म्हणाल्या.

अक्षदाने दुधाचा थेंब दुसऱ्या पट्टीवर सोडला. साखर तपासायच्या यंत्राएवढंच हे यंत्र. दुधात प्रतिजैविकाचा अंश असला की पट्टीतली वीज बदलते आणि लाल दिवा लागतो. पुन्हा लालच लागला. बेंबळीजवळच्या या गावात डेअरीवर तो पहिल्यांदाच लागला होता, आणि लागला तोही गावातल्या सगळ्यात सरळ बाईच्या दुधाला. यंत्राला माणसं कुठली कळायला?

चेअरमन आण्णासाहेब खुर्चीतूनच म्हणाले, "पंधरा दिस तुमचं दूध बंद. एका कॅनपायी टँकर परत आला तर समद्या गावानं काय करायचं?"

"अहो, माझ्याच म्हशीचं हाय. फकस्त त्यात..." बोलता बोलता प्रेमाबाई थांबल्या आणि अक्षदाकडे बघू लागल्या.

अक्षदाला लगेच उमगलं. तिची सासू धुरपताबाई यांनी नणंदेच्या बाळाच्या बारशाच्या खिरीसाठी प्रेमाबाईंकडून दूध उसनं आणलं होतं. नंतर घरच्या म्हशीची कास सुजली, इंजेक्शनं सुरू झाली. हे दूध डेअरीवर चालणार नाही, असं अक्षदानेच बजावलं होतं. सासूबाईंनी ऐकलंही, डेअरीवर थेंब पाठवला नाही. पण चांगलं दिसणारं दूध उकिरड्यावर ओतायचं कसं? आज सकाळी त्यांनी त्यातूनच उसनं फेडून टाकलं, आणि तेच या कॅनमध्ये आलं होतं.

एकच वाक्य बोलायचं होतं. पण घरातलं काही डेअरीवर बोलायचं नाही, या अटीवरच सासूबाईंनी तिला हे काम करू दिलं होतं. नवरा ट्रकवर, कधीतरी घरी. सकाळचे हे दोन तास सोडले तर तिला उंबऱ्याबाहेर पडायला कारण नव्हतं. बोललं तर तेही जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

प्रेमाबाईंनी तिचा चेहरा वाचला. "माझाच कायतरी घोळ झाला आसंल," त्या आण्णासाहेबांना म्हणाल्या आणि कॅन उचलून चालू लागल्या.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," रांगेतून कुणीतरी म्हणालं. अक्षदाला स्वतःची लाज वाटली. तरी तिने पुढच्या कॅनमधला थेंब घेतला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "प्रेमाचं दूध धरलं म्हणं तुझ्या यंत्रानं? लई साळसूद दिसायची."

"आत्याबाई, ते दूध..."

"डेअरीचं डेअरीत ठिव."

तेवढ्यात प्रेमाबाई दारात आल्या, सकाळी उसनं दूध आलेली चरवी परत करायला. भांडं रिकामं द्यायचं नसतं, म्हणून आत मूठभर शेंगा होत्या.

"ये, बस की गं. अक्षदा, च्या टाक," सासूबाई म्हणाल्या.

अक्षदाने दुधाच्या पातेल्याला हात घातला.

"मला कोराच दे, पोरी," प्रेमाबाई म्हणाल्या.

"का गं? घरात रग्गड दूध हाय."

"आसू दे. पित्त झालंय."

अक्षदाने दुधावर झाकण ठेवलं. कोरा चहा गाळून तिने कप पुढे केला. प्रेमाबाईंनी कप उचलला, एक घोट घेतला आणि सासूबाईंना विचारलं, "म्हशीच्या कासेची सूज उतरली का आता?"